विश्लेषण : जोरात मारले म्हणून सुवर्ण हुकले… कराटेत स्पर्श किती चालतो?

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की भिवापूर, उमरेड, कुही या तालुक्यांतली मुले जिल्हा स्पर्धेसाठी नागपूर गाठतात. त्यांत कराटेपटूही असतात. मॅटच्या कडेला बसलेल्या पालकांना एक प्रश्न हमखास पडतो. आपल्या मुलाचा ठोसा नेमका लागला, समोरचा कळवळला, मग गुण मिळण्याऐवजी ताकीद कशी मिळाली? पंच पक्षपाती असल्याची कुजबुज तिथेच सुरू होते. बहुतेक वेळा पंच नियमानेच वागलेला असतो. हा नियम ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीतही अनेकांना पचला नव्हता.

टोक्योत काय घडले होते?

७ ऑगस्ट २०२१, निप्पॉन बुदोकान. पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेहविरुद्ध ४-१ असा पुढे होता. त्याची उंच लाथ गंजजादेहच्या मानेजवळ बसली आणि तो बेशुद्ध होऊन कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून नेण्यात आले. मुष्टियुद्धात इथे विजेत्याचा हात वर झाला असता. पंचांनी मात्र अतिरिक्त जोर वापरल्याबद्दल हमेदीला बाद ठरवले. सुवर्ण गंजजादेहला मिळाले, हमेदीला रौप्य. सौदी अरेबियाचे ते ऑलिम्पिकमधील पहिले सुवर्ण ठरले असते.

जगभर त्यावर टीका झाली, चेष्टाही झाली. नियमपुस्तिकेनुसार निर्णय बरोबरच होता. कराटे पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आले होते आणि नेमक्या शेवटच्या दिवशी, टीव्हीसमोरच्या प्रेक्षकाला काहीच उलगडा न होता, बेशुद्ध पडलेला खेळाडू जिंकला. पॅरिसच्या कार्यक्रमातून कराटे आधीच वगळले गेले होते. लॉस एंजेलिस २०२८ च्या यादीतही ते नाही.

मग गुण मिळतो कशाला?

जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत ठोशाला १ गुण (युको), पोट, छाती, पाठीवरील लाथेला २ (वाझा-आरी) आणि डोक्याच्या उंचीवरील लाथेला ३ (इप्पॉन). प्रतिस्पर्ध्याला पाडून लगेच अचूक प्रहार केला तरी ३. आठ गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच संपते. कोपऱ्यांत बसलेल्या चार पंचांपैकी किमान दोघांना तो प्रहार पटावा लागतो. ते वेग, अंतर, वेळ, शरीराची ठेवण आणि मारल्यानंतरची सावधता पाहतात. या सावधतेला जपानीत ‘झानशिन’ म्हणतात. ठोसा मारून मान वळवली, हात उंचावून जल्लोष केला, तर हातातला गुण जाऊ शकतो.

या यादीत समोरच्याला किती लागले हे कुठेच नाही. अंगावरील प्रहार जोरकस चालतो. चेहरा, डोके आणि मानेला प्रौढ गटात हलका, नियंत्रित स्पर्शच चालतो. गळ्यावर तोही नाही. मर्यादा ओलांडली की चुई, पुढे हन्सोकु-चुई आणि शेवटी हन्सोकु, म्हणजे बाद. इजा गंभीर असेल तर पंच मधल्या पायऱ्या गाळूनही थेट बाद करू शकतात.

याची दुसरी बाजू पालकांना फारशी ठाऊक नसते. हलका स्पर्श होताच चेहरा धरून लोळणाऱ्यालाही दंड होतो. बचाव सोडून बेफिकीरपणे अंगावर धावत गेला आणि त्यात लागले, तर ‘मुबोबी’ म्हणून ताकीद लागलेल्यालाच मिळते. तरीही नियमात एक कच्चा दुवा उरतोच. लाथेचा जोर मोजणारे यंत्र इथे नाही. पंच अंदाज बांधतो आणि समोर रक्त दिसले की तो अंदाज कडक होतो. तायक्वांदोत उलटे आहे. तिथे छातीवरच्या इलेक्ट्रॉनिक कवचावर पुरेसा जोर नोंदला गेला नाही तर गुणच नाही. दोन्ही खेळ एकाच हॉलमध्ये, एकाच पांढऱ्या पोशाखात शिकवले जातात. गोंधळ होणारच.

नियमाप्रमाणे लढण्याची शैली कशी बदलते?

शैलीचा विचार करताना शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू, वाडो-र्‍यू ही नावे सांगितली जातात. शोतोकानचा पवित्रा लांब आणि खोल, गोजू-र्‍यूचे काम जवळून आणि वर्तुळाकार हालचालींनी चालते, वगैरे. ‘काता’मध्ये हा फरक स्पष्ट दिसतो. लढतीत, म्हणजे ‘कुमिते’त, तो जवळजवळ पुसला जातो, कारण तिथे शैली ठरवते ती गुणपत्रिका.

महासंघाच्या नियमांखाली खेळणारा टाचा उचलून सतत उसळत असतो. अंतर राखतो, क्षणात आत शिरतो, पुढच्या हाताचा ‘किझामी-झुकी’ किंवा मागच्या हाताचा ‘ग्याकु-झुकी’ मारतो आणि तितक्याच वेगाने बाहेर पडतो. बरोबरी झाल्यास विरोधाविना पहिला गुण घेणाऱ्याला ‘सेनशू’चा फायदा मिळतो. त्यामुळे सुरुवातीची घाई वाढते. मागे पडलेला खेळाडू शेवटच्या सेकंदांत डोक्यावर लाथ टाकतो, कारण तिला ३ गुण आहेत. आणि नेमक्या याच घाईत नियंत्रण सुटते.

मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिनचे चित्र अगदी वेगळे. तिथे हातमोजे नाहीत, अंगावर पूर्ण जोराने मारायचे, डोक्यावर लाथ चालते. हाताने मात्र चेहऱ्यावर मारायचे नाही. परिणाम काय? चेहऱ्यावर ठोसा येणार नाही हे माहीत असल्याने दोघे छातीला छाती भिडवून उभे राहतात, बरगड्यांवर ठोसे आणि मांडीवर लाथा मारत एकमेकांना झिजवतात. हा खेळाडू उद्या महासंघाच्या मॅटवर आला तर पहिल्या मिनिटात चेहऱ्यावर तीन गुण देऊन बसेल. तिकडचा इकडे आला तर मांडीवरच्या चार लाथांनंतर उभे राहणे कठीण. यांत श्रेष्ठ कोण, हा क्लासच्या बाहेर चहाच्या टपरीवर रंगणारा वाद मला निरर्थक वाटतो. प्रत्येक जण आपल्या नियमाचेच उत्तर शोधतो आहे.

क्योकुशिनमधील चेहऱ्याची ही पोकळी भरण्यासाठी ओयामांचे शिष्य ताकाशी अझुमा यांनी १९८१ मध्ये दाइदो जुकू सुरू केले. त्यातून कुडो आला, जो महाराष्ट्रातही खेळला जातो. पारदर्शक मुखकवचाचे शिरस्त्राण, चेहऱ्यावर ठोसे, फेक, पकड, सगळे त्यात आहे. गट केवळ वजनावर नाही, तर सेंटिमीटरमधील उंची आणि किलोतील वजन यांच्या बेरजेवर ठरतात.

मुलांना वेगळा नियम का?

१४ वर्षांखालील मुलांच्या डोक्याला, चेहऱ्याला स्पर्शच नको, अशी महासंघाची भूमिका आहे. अलीकडे थांबलेला, पण अचूक ठोसा गुणास पात्र असतो. हलका स्पर्शही दंडाला. त्यांना मुखकवच आणि छातीचे कवच घालावे लागते. १४ ते १७ वयातही मोठ्यांपेक्षा मोकळीक कमी असते. भिवापूरच्या पालकाला मुलाच्या पराभवात दिसणारा ‘अन्याय’ बहुतेकदा इथलाच असतो. क्लासमध्ये त्याला ‘जोरात मार’ शिकवले गेले, स्पर्धा ‘थांबव’ म्हणाली. चूक पोराची नाही.

एवढ्या संघटना कशा?

भारतीय ऑलिम्पिक संघटनेने २०२० मध्ये कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढली. जागतिक महासंघाशी आता कराटे इंडिया ऑर्गनायझेशन संलग्न आहे. त्याखेरीज प्रत्येक शैलीची स्वतंत्र संघटना, तिची ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा, आणि दोन दिवसांत हातात पदक. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण किंवा शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांसाठी मात्र शासनाच्या निकषांत बसणारी स्पर्धाच धरली जाते. पदक किती चकचकीत आहे, याला तिथे किंमत नाही.

प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी काय विचारावे?

पहिला प्रश्न : स्पर्धा कोणत्या नियमांवर? महासंघाच्या, क्योकुशिनच्या की आयोजकांच्या स्वतःच्या? दुसरा : क्लासमधले सर त्याच नियमाने, मोजे आणि गमशील्ड घालून सराव घेतात का? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो सर्वांत महत्त्वाचा : मॅटजवळ डॉक्टर आणि बाहेर रुग्णवाहिका आहे का? बेंगळुरूत जुलै २०२२ मध्ये किकबॉक्सिंगच्या लढतीत डोक्याला मार लागून म्हैसूरच्या २३ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. त्या वेळी स्पर्धास्थळी वैद्यकीय सोय नसल्याचा आरोप झाला होता.

लढतीत खाली पडलेला खेळाडू दहा सेकंदांत उभा राहिला नाही तर महासंघाच्या नियमांनुसार त्याला पुढे खेळता येत नाही. क्लासमधल्या सरावात असे सेकंद मोजायला कुणी नसते. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, ओकले, डोके दुखते म्हणाले, तर ‘काही होत नाही’ म्हणून त्याला त्याच दिवशी पुन्हा मॅटवर उभे करू नये. गावी परतल्यावर रात्री त्रास वाढला, तर मेंदूच्या शल्यविशारदासाठी उमरेड ओलांडून पुन्हा नागपूरच गाठावे लागते.