उत्सवाचे दिवे आणि अपस्मार

ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानोबांनी पैठणास वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्याची समाधी आमच्या आळे गावी आहे. त्या स्थानी कीर्तनास उभे राहण्याचे भाग्य आम्हांस पुष्कळदा लाभले. तेथील एक आठवण गणेशोत्सवाच्या निमित्ताने, काहीशा लज्जेनेच, सांगणे भाग आहे.

मंडपाच्या कमानीवर भराभर उघडझाप करणारे दिवे लाविले होते. पूर्वरंग संपत आला असता पुढे बसलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा एकाएकी ताठ झाला, कोसळला आणि हातपाय झाडू लागला. कोणी कांदा धावत आणला, कोणी चप्पल हुंगविली. ‘अंगात आले’ असेही कोणी पुटपुटले. आणि आम्ही, चरकसंहिता पढलेले, नामघोष वाढवा म्हणालो! दिवे तसेच चालू राहिले.

चरकाने या व्याधीस अपस्मार म्हटले. स्मृतीचा लोप, हा त्याचा अर्थ. निदानस्थानात व चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. झटक्यापूर्वी रोग्यास भलतीच रूपे दिसतात, हेही तेथे नमूद आहे. कुंभाराच्या फिरत्या चाकाचा या व्याधीशी असलेला संबंध दुसऱ्या शतकातील रोमन ग्रंथकार अपुलेयस याने सांगितला आहे. आजचे वैद्यक सांगते की, अपस्माराच्या शंभर रुग्णांत सुमारे तिघांनाच प्रकाशाची अशी बाधा होते; परंतु त्यांत वाढत्या वयाची मुले अधिक. सेकंदास 3 ते 30 वेळा, विशेषतः 15 ते 20 वेळा, प्रकाश लुकलुकला की मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या पेशी एकाच तालात उसळतात. तांबडा प्रकाश अधिक घातक. जपानात 16 डिसेंबर 1997 रोजी ‘पोकेमॉन’ या चित्रमालिकेतील तांबड्या-निळ्या लखलखाटाने सहाशेहून अधिक जणांस, बहुतांशी मुलांस, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील पुष्कळांना पूर्वी कधी झटका आलेला नव्हता.

2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझरच्या झोतांस मनाई केली होती, ती डोळ्यांच्या इजेसाठी. लुकलुकत्या दिव्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि तो मंडळांनीच सोडवावयाचा आहे. अशा मुलाने नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीआडूनही प्रकाश आत जातो. एक डोळा तळहाताने पुरता झाकून तोंड फिरवावे. झटका आलाच तर दिवे बंद करावेत, रोग्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास इस्पितळ गाठावे. कांदा आणि चप्पल यांचा येथे काडीचा उपयोग नाही.

तो मुलगा पुन्हा कीर्तनास आला नाही. ‘त्याला देवाचे सोसत नाही’ असे लोक बोलले, आणि त्याच्या आईने ते ऐकले. आमच्या नामघोषाने त्या बोलण्यास बळच दिले. यंदा आम्ही व्यवस्थापकांस आधीच कळविले आहे : कमान स्थिर उजळणार असेल तरच आम्ही वीणा गळ्यात घेऊ. थोडी कुरकुर झाली. पण माळा बदलावयास माणूस गेला आहे. त्या माउलीच्या घरी निरोप घेऊन आम्ही स्वतःच जाणार आहोत.