टिपणाचे मोल

कुसगावापासून कार्ल्याची लेणी फार दूर नाहीत. तेथील चैत्यगृहात सुमारे २००० वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले, असे त्यांतील एक लेख सांगतो. दाता कोण, कोठला आणि दान कशाचे, हे नोंदलेले असल्यामुळेच त्या दानाचा माग आजही लागतो.

टिपणाचा खरा गुण हाच. पुष्कळ विद्यार्थी वहीत मजकूर भराभर उतरवून घेतात. पण तो कोणत्या ग्रंथातून, कोणत्या पृष्ठावरून घेतला, हे लिहीत नाहीत. पुढे शंका आली म्हणजे अशी वही मुकी होते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुने कागद मिळविले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली. असे काम नुसत्या संग्रहाने होत नाही. पत्र कोणाचे, कोणास, कोणत्या तिथीचे, हे ठरवून ते जागच्या जागी लावावे लागते.

स्मरणशक्ती चांगली असता एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु स्मरण माणसाबरोबर जाते. कुसगावातील एखाद्या आजोबांनी गावाची जुनी हकिकत सांगितली, तर ती त्याच दिवशी, त्यांच्या नावानिशी व तारखेनिशी टिपावी. आपला तर्क निराळा लिहावा. दोन्ही एकत्र मिसळले, तर पुढच्या पिढीस ते निवडता येणार नाहीत. दुसऱ्याचे ते दुसऱ्याच्या नावाने सांगणे, हीच विद्येतील सचोटी होय.