घसारा आणि घसरण

आमच्या डहाणू-तलासरी भागात बर्फ दोनच ठिकाणी आढळतो. एक मासळीच्या पेटीत आणि दुसरा उसाच्या रसाच्या गाडीवर. थंडी म्हणाल, तर डिसेंबरात पहाटे चिकूच्या वाडीतून जाताना ती अंगाला जरा झोंबते आणि नऊच्या ठोक्याला रजेवर जाते. तेव्हा बर्फातून ट्रक हाकताना चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्यात की पोलादी तारेचे दोर, या प्रश्नावर मी मत देणं म्हणजे आजन्म ब्रह्मचाऱ्याने बाळंतिणीच्या खुराकावर व्याख्यान देण्यासारखं आहे. तरीही देणार! व्याख्यान द्यायला अनुभव लागतो, असा आपल्याकडे नियम नाही.

चारोटी नाक्यावर चहा पिताना वर काश्मीर-हिमाचलपर्यंत जाणारे ट्रकवाले भेटतात. त्यांच्यात या बाबतीत दोन पंथ आहेत. साखळीपंथीयांचं म्हणणं असं, की साखळी जड असते, कडाक्याच्या थंडीत ती चढवताना बोटं गारठून जातात, पण बर्फात दात रोवावेत तर तिनेच. दोरपंथी म्हणतात, दोर हलका, पटकन चढतो, चाक आणि गाडीचा सांगाडा यांत जागा कमी असली तरी बसतो. मात्र त्याची पकड कमी आणि तो झिजतोही लवकर. दोन्ही बांधून हळूच जायचं असतं आणि कोरडा रस्ता लागला की लगेच काढायचं असतं. नाहीतर साखळीही जाते आणि रस्ताही.

या दोन पंथांचं कधी जमायचं नाही. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: निसरड्या रस्त्यावर नुसत्या चाकाच्या भरवशावर जाऊ नये. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने तर याचा कायदाच केला आहे. तिथल्या डोंगरातून जाणाऱ्या आय-७० महामार्गाच्या ठरावीक पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे मालट्रकने साखळ्या जवळ बाळगल्याच पाहिजेत. आकाश निरभ्र असलं तरीही! बर्फ पडल्यावर दुकान शोधत फिरायचं नाही.

"मग त्याचं आम्हाला काय?" असं आमचे ट्रकमालक विचारतात. माझं भांडण आहे ते इथेच. अहो, आपलं बर्फ जूनमध्ये पडतं! फक्त ते पातळ असतं आणि त्याला आपण पाऊस म्हणतो.

अच्छाडच्या सीमेवरून तलासरी, चारोटी करत मुंबईकडे जाणारा हा महामार्ग पूर्वी आठ नंबरचा होता, आता अठ्ठेचाळीस नंबरचा आहे. नंबर वाढला म्हणून पकड वाढत नाही. पावसात रस्त्यावर पाण्याचा थर साचतो. टायरवरच्या खाचा हे पाणी बाजूला फेकतात, म्हणून रबर रस्त्याला टेकतं. खाचा झिजून टायरचा गोटा झाला, की चाक पाण्यावर चढतं आणि ट्रकची होडी होते. मग स्टिअरिंग आणि ब्रेक ही ड्रायव्हरच्या हातापायाला दिलेली निव्वळ खेळणी! थोडक्यात, या खाचा म्हणजेच आपली साखळी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रकच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी, असं लिहिलं आहे. मागणी किती माफक! पण तीही जड होते.

यावर काही टायरवाल्यांनी नामी उपाय काढला आहे. झिजलेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा कोरून द्यायच्या. अजिंठा-वेरूळनंतर महाराष्ट्रात कोरीव कामाची परंपरा कुणी जपली असेल, तर ती या मंडळींनी. कोरण्यासाठी जादा रबर ठेवून बनवलेले टायर असतात, त्यांच्यावर तसं छापलेलंही असतं. पण आमचे कलावंत कुठलाही टायर कोरतात. आतल्या तारांवरचं उरलंसुरलं रबरच खरवडलं जातं, आत पाणी शिरतं आणि एके दिवशी भर रस्त्यात ही लेणी फुटतात.

रिमोल्ड टायरला माझा विरोध नाही. शाबूत टायरवर नीट चढवलेलं नवं रबर विमानांनाही चालतं. गोट्याला नक्षी काढून नवा म्हणवण्याला मात्र आहे. तो टायर नव्हे, टायरचं चित्र असतं.

मालकांना विचारा, उत्तर तयार असतं: "साहेब, चालतंय हो! आणि परत येताना गाडी रिकामीच असते." अहो, रिकामा ट्रकच ओल्या रस्त्यावर जास्त दगा देतो, कारण चाक दाबून धरायला वर वजनच नसतं. पण त्यांचा खरा भरवसा बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीवर. माझ्या मते लिंबू सरबतात आणि मिरची ठेच्यात जास्त उपयोगी पडते.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे, म्हणून सांगतो. झिजेला हिशेबात घसारा म्हणतात. मालक तो दरसाल ताळेबंदात दाखवून करात सूट घेतो. झिजलेला टायर बदलायचा की नाही, हे तोच ठरवतो. ड्रायव्हरला कुणी विचारत नाही. घसारा मालकाच्या खात्यात आणि घसरण ड्रायव्हरच्या नशिबात, ही कुठली दुहेरी नोंद? आणि कडेने छत्री सावरत शाळेला निघालेली तलासरीची पोरं, त्यांची तर या वहीत कुठेच नोंद नाही. ट्रक घसरला की तो त्यांच्याच अंगावर येतो.

सरकार म्हणाल, तर २०१५ मध्ये महाराष्ट्राने ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. म्हणजे ट्रकची पाठ कुणीतरी लक्षपूर्वक वाचली. आता जरा खाली वाकून तळवेही बघावेत. खाचांची खोली मोजायचं साधन खिशात मावतं. कोलोरॅडोने १ सप्टेंबर धरला, आपण १ जून धरू. त्या दिवसापासून महामार्गावर टायर मोजा आणि गोटा निघाला तर गाडी तिथेच उभी करा. दंड मालकाला लावा, ड्रायव्हरला नको. आम्हा बँकवाल्यांच्या कर्जाच्या फायलीतही एक कागद वाढू द्या. तिथे जामीनदाराच्या जमिनीचा उतारा असतो, पण उतारावर ट्रक थांबेल की नाही याचा दाखला नसतो.

तेव्हा साखळी की दोर, याचा निकाल काश्मीरला जाणाऱ्यांनी खुशाल लावावा. आपल्याला इथे फक्त १.६ मिलिमीटर हवेत, आणि तेही कोरलेले नकोत.