घसारा कोणाच्या कमरेवर?

घरात मोटारसायकल आली की कष्टकरी कुटुंबाचे निम्मे व्यवहार तिच्यावरच चालतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, कुरकुंभच्या कारखान्यातला कंत्राटी मजूर, दौंड स्टेशनवर पहाटे पुण्याची गाडी गाठणारा चाकरमानी, आजारी सासूला शिरूरच्या दवाखान्यात नेणारे कुटुंब, या सर्वांचा भार ही दोन चाकेच वाहतात. तिच्यात पेट्रोल न चुकता पडते, इंजिनचे ऑइलही बदलले जाते. पण शॉकअप? ते मात्र 'चालतंय की अजून' या सदरात ढकलले जातात. आज आम्हाला याच दुर्लक्षित भागाविषयी बोलायचे आहे.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. हिशेबाच्या वहीत घसारा नावाचे एक खाते असते. यंत्र वापरले की झिजते, म्हणून त्या झिजेची रक्कम दरवर्षी खर्ची टाकायची असते. कारखानदार न विसरता घसारा लिहितो. आपल्या घरच्या हिशेबात गाडीचा हप्ता असतो, पेट्रोल असते, घसारा मात्र नसतो. लिहिला नाही म्हणून तो टळतो काय? मुळीच नाही. तो घरातल्या कोणाच्या तरी अंगावर निघतो.

कोणाच्या, ते पाहा. गाडी चालविणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो हँडल घट्ट धरतो, पायांवर भार घेतो, अंग सावरतो. मागे बसलेली बाई बहुधा एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर मूल, हातात पिशवी. तिला पुढचा खड्डा दिसत नाही. शिवाय तिची बैठक जवळजवळ मागच्या चाकावरच येते. म्हणून शॉकअप बसले की सर्वांत मोठा दणका तिच्या कमरेला आणि मणक्याला. घरी आल्यावर ती कंबर धरून स्वयंपाकाला लागते आणि आपण म्हणतो, 'वय झालं.' वय झाले असेलही, पण गाडीचेही झाले आहे, हे कोणी बोलत नाही.

शॉकअपचे काम समजून घेतले तर पुढचे सारे सोपे जाते. त्यात स्प्रिंग असते आणि ऑइल असते. स्प्रिंग भार पेलते, धक्का खाते. पण नुसती स्प्रिंग दाबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही उसळी थांबविण्याचे काम ऑइलचे. आतल्या बारीक छिद्रांतून ते सावकाश जाते आणि गाडीला एका दमात स्थिर करते. बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीने १९३५ साली असे ऑइल भरलेले पुढचे शॉकअप आपल्या मोटारसायकलींना बसविले. आज आपल्या दारातल्या साध्या गाडीतही तीच पद्धत आहे. आणि हे शॉकअप काही परदेशातून येत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या चाकणला आणि तिकडे वाळूजला कामगारांचे हात ते घडवितात.

ऑइल जुने झाले की त्यात धातूची पूड आणि पाणी मिसळते, ते काळे पडते. पाइपवर चिखल वाळून बसला की तो ऑइल सील कापतो आणि ऑइल बाहेर येऊ लागते. मग गाडी उसळत राहते, टायर रस्त्याला धरून राहत नाही. आणि ज्या क्षणी टायर रस्ता सोडतो, त्या क्षणी ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग नाही. गळलेले ऑइल पुढच्या ब्रेकवर उतरले तर धोका आणखी वाढतो. तेव्हा शॉकअप ही ऐषआरामाची बाब नव्हे. ब्रेकइतकीच ती जिवाची बाब आहे.

परीक्षा घरच्या अंगणात करता येते. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोर द्या आणि सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा हेलकावली तर ऑइलचे काम संपले. पाइपवरून बोट फिरवा. बोट तेलकट झाले तर सील गेले. मागे दोघे बसल्यावर खड्ड्यात 'खट्' असा आवाज येतो काय, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला आहे काय, तेही पाहा.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आम्ही सामाजिक कामासाठी कायम फिरतो. न्हावरे, चौफुला, पाटस हा आमचा नेहमीचा रस्ता. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी तो कसा होतो ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. गेल्या महिन्यात आमच्या गाडीच्या पुढच्या पाइपवर तेलाची रेघ दिसली, तेव्हा दौंडच्या एका गॅरेजात ती दिली आणि दिवसभर शेजारी स्टूल टाकून बसलो. मिस्त्रीने दोन्ही पाइप काढले. आतून निघालेले ऑइल डांबरासारखे काळे होते. पाइप सपाट फरशीवर लोळवून तो वाकलेला नाही ना, हे त्याने आम्हाला दाखविले. दोन्ही बाजूंचे सील बदलले, ऑइल अंदाजाने न ओतता मापाने दोन्हीकडे सारखे भरले, हँडलचा कोन सेट तपासला. मागच्या चिमट्याचे बुश हलत होते, तेही बदलले. सगळे मिळून बिल साडेचौदाशे रुपये झाले. परतीच्या वाटेवर आमच्या सौभाग्यवती मागे बसल्या होत्या. पाटस ओलांडल्यावर म्हणाल्या, "रस्ता नवा केला की काय?"

या कामातल्या काही पळवाटाही सांगून ठेवतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबर बसवून देतात. त्याने गाडी कडक होते, उसळी मात्र थांबत नाही. सील न बदलता जादा ऑइल भरून देतात. त्याने आत दाब वाढतो आणि राहिलेले सीलही जाते. एकाच बाजूचे काम करू नये, दोन्ही बाजू बरोबर कराव्यात. मागचा शॉकअप गळू लागला तर साध्या गाड्यांत तो बहुधा जोडीनेच बदलावा लागतो. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत, बिल लिहून घ्यावे. ऑइल किती आणि कोणते, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. ते पुस्तक कपाटात ठेवण्यासाठी नाही. मागच्या स्प्रिंगला बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करण्याचे टप्पे असतात, दोघांनी जायचे असेल तर ते पान्याने बदलून घ्यावेत.

आणि एक गोष्ट परखडपणे. चालक सोडून मागे एकच माणूस, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२८ सांगते. चौघांचे कुटुंब एका गाडीवर गेले तर दंडाचा प्रश्न पुढचा, पण तेवढ्या भारासाठी ते शॉकअप बनलेलेच नसतात.

कोणी म्हणेल, रस्तेच खराब, आम्ही काय करणार? हा प्रश्न रास्त आहे. चांगला रस्ता मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. तेव्हा खड्ड्याचा तारखेसह फोटो काढा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रस्त्याचा घसारा सरकारच्या खात्यावर, तो सरकारकडूनच वसूल करायचा. पण गाडीचा घसारा आपल्या खात्यावर आहे.

साडेचौदाशे रुपये एकदम काढणे आपल्या घरांना जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून पगार झाला की शंभर-सव्वाशे रुपये घसारा म्हणून वेगळे काढा, वर्षाकाठी काम भागते. आणि गाडी गॅरेजात कधी टाकायची, हे चालविणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. मागे बसणारीला विचारा. त्या गाडीचा खरा अहवाल तिच्याजवळ असतो.