मोटारीसह आगगाडीत एक रात्र

"ताई, हातात एकच पिशवी ठेव आणि रात्रीला लागेल ते सारे तिच्यातच भर," असे धाकट्या बहिणीने मला तीनदा बजावले होते. तिसऱ्या वेळी तर मी रागावलेच. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला पिशवी भरायला शिकवायची म्हणजे काय! पण वाचकहो, तिचे खरे ठरले आणि माझी फजिती झाली. ती आज मुद्दाम सांगते, कारण मुलाबाळांकडे, बहीणभावांकडे अमेरिकेस जाणारी वडीलधारी मंडळी आता आपल्यात घरोघरी आहेत.

बहीण आणि मेव्हणे न्यू जर्सीत राहतात. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. थंडी पडू लागली की तिकडची पुष्कळ म्हातारी माणसे दक्षिणेला फ्लोरिडात मुक्कामाला जातात, तशी हीही जातात. तिथे मोटारीवाचून पान हालत नाही. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी मोटार काढावी लागते. पूर्वी मेव्हणे सारा रस्ता स्वतः मोटार हाकीत. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हाती चाक असताना त्यांचा क्षणभर डोळा लागला. बहिणीने हाक मारली म्हणून निभावले. तेव्हापासून लांबचा पल्ला बंद. चष्म्याचा नंबर वाढला हे पुरुषमाणूस चारचौघांत सांगते, पण 'आता चाक झेपत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघता निघत नाहीत. मेव्हण्यांनी ते कबूल केले, याचे मला कौतुक वाटते.

त्यांच्या अडचणीवर तोड निघाली ती 'ऑटो ट्रेन'ची. वॉशिंग्टनच्या दक्षिणेस व्हर्जिनियात लॉर्टन नावाचे स्टेशन आहे. तेथून फ्लोरिडातील सॅनफर्डपर्यंत ही आगगाडी जाते. अंतर ८५५ मैल, म्हणजे सुमारे १,३७५ किलोमीटर. संध्याकाळी ५ वाजता निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या सुमारास पोचते. माणसे झोपायच्या डब्यात आणि त्यांच्या मोटारी मागच्या बंद डब्यांत! १९७१ साली एका खाजगी कंपनीने ही कल्पना प्रथम चालवली. १९८१ त ती कंपनी बुडाली आणि १९८३ पासून ॲमट्रॅकने ही गाडी पुन्हा सुरू केली. वाटेत उतारूंची चढउतार कोठेच नाही.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आम्ही दोघे तिकडे गेलो होतो, ते त्यांच्याबरोबर निघालो. पहिला धडा वेळेचा. आगगाडी ५ ची असली, तरी मोटार निदान दोन तास आधी स्वाधीन करावी लागते. न्यू जर्सीहून लॉर्टनला चार-पाच तास लागतात, आणि वॉशिंग्टनच्या आसपास मोटारींची गर्दी फार. म्हणून मेव्हणे आदल्या रात्रीच जवळपास मुक्काम करतात. सकाळच्या धावपळीत वाढणारा रक्तदाब त्या मुक्कामाच्या भाड्याहून महाग पडतो.

स्टेशनात मोटारीच्या दारावर लोहचुंबकाने एक नंबर चिकटवतात. मग तिथला माणूस ती चालवत नेऊन डब्यात चढवतो. आम्ही चहा घेत बसलो होतो, तोच ह्यांनी विचारले, "माझी गोळ्यांची डबी कुठे आहे?" माझ्या छातीत धस्स झाले. डबी मोठ्या बॅगेत आणि बॅग मोटारीच्या डिकीत! मी धावत चौकशीला गेले. तिथल्या बाईने सौम्यपणे सांगितले, मोटार एकदा चढली की सॅनफर्डपर्यंत तिला हात लावता येत नाही. नियम सर्वांना सारखा.

रक्तदाबाची रात्रीची गोळी होती. "माझ्याकडची एक घ्या की," असे मेव्हणे म्हणाले. ह्यांनी हातही पुढे केला होता. पण दोघांच्या गोळ्या वेगळ्या, हे मला ठाऊक होते. मी भाचीला फोन लावला. ती डॉक्टर आहे. ती म्हणाली, "काकांची ही गोळी एक रात्र चुकली तर चालेल. दुसऱ्याची मुळीच देऊ नकोस, आणि उद्या दोन एकदम देऊ नकोस. इन्सुलिन असते तर मात्र मी तुम्हांला गाडीतच बसू दिले नसते." तिचे शेवटचे वाक्य रात्रभर माझ्या कानांत घुमत राहिले.

आता डब्याविषयी. हे डबे दुमजली असतात आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट वरच्या मजल्यावरून असते. जिना अरुंद आणि वळणाचा. गुडघे दुखत असतील त्यांनी तिकीट काढतानाच खालच्या मजल्याची खोली मागावी. अपंगांसाठी खाली वेगळी खोली असते, तिच्यातच शौचकूप असतो. छोट्या खोलीत वरची एक आणि खालची एक अशा दोन शय्या. वरची चढायला अवघड, म्हणून दोघेही वयस्क असाल तर आधीच विचार करा. झोपायच्या डब्याच्या तिकिटात रात्रीचे जेवण असते, पण जेवणाचा डबा वरच्या मजल्याला जोडलेला. जिना झेपत नसेल तर परिचारकाला सांगावे, तो जेवण खोलीत आणून देतो. बसण्याच्या डब्यात मात्र २०२० पासून जेवण विकत घ्यावे लागते. शाकाहारी असाल तर ते आधी सांगून ठेवा. आम्ही शिवाय दशम्या आणि लिंबाचे लोणचे नेले होते.

हातपिशवीत काय हवे ते आता माझ्याकडून पाठ म्हणून घ्या: दोन दिवस पुरेल इतके औषध, औषधांची यादी, चष्मा, कवळीची डबी, कानयंत्राचे सेल, शाल, न घसरणाऱ्या सपाता, छोटी विजेरी आणि पाण्याची बाटली. रात्री उठताना आधी क्षणभर काठावर बसावे, दांडी धरावी, मगच पाऊल टाकावे. दर दीड-दोन तासांनी पाय हलवावेत, नाही तर सकाळी चपला घट्ट होतात.

सॅनफर्डला उतरल्यावर धीर धरावा लागतो. मोटारी खाली उतरतील त्या क्रमाने नंबर पुकारतात. तुम्ही आधी आलात म्हणून मोटार आधी मिळत नाही. तासभर सहज जातो. जास्त पैसे भरून मोटार आधी उतरवून घेण्याची सोय आहे, पण तशा जागा थोड्या. आमचा नंबर अगदी शेवटी शेवटी लागला. डिकी उघडून डबी ह्यांच्या हाती दिली तेव्हा मेव्हणे हसून म्हणाले, "ताई, आता पुढचा रस्ता थोडाच आहे, तो मी हाकतो." त्या वेळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. रात्री झोप झाली होती, दिवसाचा उजेड होता आणि चाक त्यांच्या हाती होते.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. मालमोटारी आगगाडीवर चढवून नेण्याची सोय कोकण रेल्वेने १९९९ साली सुरू केली. २०२५ च्या गणेशोत्सवात तिने खाजगी मोटारींसाठीही कोलाड ते वेर्णे अशी गाडी सोडली. ती संध्याकाळी ५ ला निघून बारा तासांत पोचे. मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. तिथेही मोटार तीन तास आधी आणावी लागे आणि माणसांनी वेगळ्या डब्यात बसायचे होते. अशी गाडी पुन्हा सुटली आणि तुमच्या घरातील कोणी आजोबा घाटातून रात्री मोटार हाकण्याचा हट्ट धरून बसले असतील, तर त्यांना मेव्हण्यांची गोष्ट सांगा. आणि आजींना माझ्या पिशवीची!