नागमोडी रेघ

गेल्या महिन्यांत या पानावर माझा लेख आला नाहीं, याबद्दल दोनचार वाचकांनीं आस्थेनें विचारपूस केली. त्याचें कारण आज सांगतों. ज्यांना मी जवळजवळ चाळीस वर्षें ‘सर’ म्हणत आलों, ते संस्कृताचे वृद्ध प्राध्यापक पुण्यांत आपल्या राहत्या घरीं निवर्तले. त्यांनीं नव्वदी गांठली होती, अंथरुणास फार दिवस खिळावें लागलें नाहीं. तेव्हां शोक करूं नये, असें सर्वजण म्हणाले. मींहि चारचौघांत तेंच म्हटलें. पण घरीं येऊन लिहावयास बसलों, तों लेखणी चालेना.

त्यांचें नांव येथें देत नाहीं. आपलें नांव छापलेलें दिसलें कीं ते संकोचानें चष्मा पुसूं लागत. त्यांच्या मागें तरी तो संकोच त्यांना कां द्यावा?

खरें पाहतां मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. मॅट्रिकच्या पुढें कॉलेजची पायरी चढण्याचा योग माझ्या नशिबीं नव्हता. वडिलांनीं पाठ करून घेतलेला अमरकोश आणि एका शास्त्रीबुवांपाशीं झालेली लघुकौमुदी, एवढ्या शिदोरीवर मी शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों. एकदां एका समासाची शंका घेऊन भीत भीत त्यांच्या दाराशीं गेलों. त्यांनीं माझी पदवी विचारली नाहीं. ‘मास्तर, चहा घेणार ना?’ एवढेंच विचारलें. त्या दिवसापासून रविवारची सकाळ त्यांची झाली.

त्या रविवारीं आम्ही पुष्कळ वाचलें. पण त्यांचा जीव होता महाभारतावर, आणि तोहि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीवर. १९१९ सालीं संस्थेनें हें काम हातीं घेतलें. १९२५ सालीं विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि १९३३ पर्यंत त्यांनीं आदिपर्व पुरें केलें. मुंबई विद्यापीठांत महाभारताच्या अर्थावर त्यांचीं चार व्याख्यानें योजिलीं होतीं. चवथें होण्यापूर्वींच, २१ जानेवारी १९४३ रोजीं, ते गेले. पुढें श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं ती धुरा वाहिली. २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या हस्तें पूर्तीचा समारंभ झाला. एकंदर १२५९ हस्तलिखितें या कामीं पाहिलीं गेलीं. आपण विद्यार्थिदशेंत त्या समारंभाच्या गर्दींत मागें कोठेंतरी उभे होतों, हें सर अभिमानानें सांगत.

या ग्रंथाची एक खूण त्यांनीं मला पहिल्याच दिवशीं दाखविली. जेथें मूळ पाठाविषयीं संपादकाची पूर्ण खात्री नाहीं, तेथें त्या अक्षरांखालीं एक बारीक नागमोडी रेघ छापलेली असते. सर म्हणाले, ‘मास्तर, एवढ्या पोथ्या पाहिल्यावरहि ज्यांना ही रेघ ओढतां आली, त्यांना मी पंडित म्हणतों.’

हें मला समजलें असें वाटलें. पण समजलें नव्हतें. एके दिवशीं वर्गांत एका मुलानें उभें राहून विचारलें, ‘गुरुजी, व्यासांनीं सांगितलें आणि गणपतीनें महाभारत लिहून घेतलें ना?’ माझें ज्ञान नवें होतें आणि नवें ज्ञान फार लवकर उतूं जातें. मीं ठसक्यांत सांगितलें, ‘ती गोष्ट खोटी आहे. पुण्याच्या पंडितांनीं ती महाभारतांतून काढून टाकली आहे.’ मुलाचा चेहरा पडला. ‘माझी आजी खोटें सांगत नाहीं,’ असें तो पुटपुटला. वर्ग हंसला, आणि लिहितांना लाज वाटते, पण मीहि हंसलों.

रविवारीं हा पराक्रम मीं सरांना ऐकविला. ते हंसले नाहींत. उठून आदिपर्वाचा ग्रंथ आणला, शेवटचीं पानें उघडून माझ्यापुढें ठेवलीं आणि म्हणाले, ‘काढून टाकली म्हणतां, मग ही कोणती गोष्ट आहे?’

‘हें परिशिष्ट आहे,’ मी म्हणालों.

‘परिशिष्ट म्हणजे केराची टोपली नव्हे. पोथ्या ताडून पाहतां ही कथा मूळ संहितेंत बसेना, म्हणून सुखटणकरांनीं ती येथें ठेवली. ठेवली, मास्तर, फेकली नाहीं. मागाहून आलेलें आणि खोटें यांत अंतर आहे. तें तुम्हीं मुलांना शिकवावयाचें, कीं एका म्हातारीला खोटें पाडावयाचें?’

त्याच सायंकाळीं ते मला घेऊन त्या मुलाच्या घरीं गेले. जुना वाडा; आजी ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. सरांनीं वांकून नमस्कार केला, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, ‘आजी, हे मास्तर चुकले. त्यांना हा ग्रंथ मीं शिकविला, तो नीट शिकविला नाहीं; तेव्हां चूक माझीहि आहे. आतां ती गोष्ट आम्हां दोघांना तुम्हीं सांगा.’ खिशांतून कागद-पेन्सिल काढून ते लिहूं लागले. आजी प्रथम लाजल्या, मग रंगल्या. लेखणी थांबतां कामा नये ही गणपतीची अट. अर्थ समजल्यावांचून लिहूं नये ही व्यासांची अट. आणि मध्येंच लेखणी मोडली तेव्हां गणरायानें आपलाच दांत मोडून हातीं धरला तो प्रसंग.

परततांना सर लहान मुलासारखे खुशींत होते. ‘पाहिलेंत? छापील परिशिष्टांत अटी आहेत, दांत नाहीं. दांत आजींच्या पाठांत आहे!’ दुसऱ्या दिवशीं मीं भर वर्गांत त्या मुलाची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. पण पुढें संस्कृताच्या तासाला तो पहिल्या बाकावर येऊन बसूं लागला.

पुढें कित्येक वर्षांनीं त्यांच्या एका पुस्तिकेंत मला एक विग्रह चुकलेला दिसला. मीं भीत भीत दाखविला. दोन दिवसांनीं त्यांचें कार्ड आलें: ‘तुमचें बरोबर. बहुव्रीहीच.’ नव्या आवृत्तींत त्यांनीं आभार मानले ते ‘एका स्नेह्याचे’. शिष्याचे कां नाहींत, असें मीं विचारलें. ते म्हणाले, ‘शिष्यानें चूक काढली म्हटलें कीं लोक गुरूचेंच कौतुक करतात. स्नेह्यानें काढली म्हणजे ती नुसती चूक राहते.’

आतां जें सांगावयाचें तें सांगतों. गेलें वर्षभर त्यांची दृष्टि मंदावली होती आणि रविवारीं मी त्यांना वाचून दाखवीत असें. मग माझे गुडघे, पाऊस, घरचीं कार्यें अशा कारणांनीं कांहीं रविवार चुकले. शेवटीं त्यांचा फोन आला, ‘मास्तर, येतां ना?’ मी म्हणालों, ‘पुढच्या रविवारीं नक्की.’ त्यापूर्वींच ते गेले.

शोकसभेंत मीं हें सांगितलें नाहीं. दिवस झाल्यावर त्यांच्या सूनबाईंपाशीं मात्र बोललों. त्या म्हणाल्या, ‘तुमच्यावर ते मुळींच रागावले नव्हते. फोन ठेवून म्हणाले, मास्तरांचे गुडघे दुखत असतील, त्यांना पुन्हां त्रास देऊं नका.’

हें ते खरेंच म्हणाले, कीं माझा चेहरा पाहून त्या माउलीनें मला दिलेलें हें सांत्वन होतें? मला ठाऊक नाहीं. दुसरी पोथी नाहीं कीं ताडून पाहावें. तें वाक्य मीं माझ्या वहींत उतरून ठेवलें आहे आणि त्याखालीं एक नागमोडी रेघ ओढली आहे.

सूनबाईंनीं तो आदिपर्वाचा ग्रंथ मला देऊं केला. मीं घेतला नाहीं. त्यांच्या नातवाला संस्कृताची गोडी आहे असें कळलें; ग्रंथ त्याच घरांत राहावा, वाचावयास मी येईन, असें सांगून आलों. येत्या रविवारीं सकाळीं जाणार आहें. गुडघे दुखत आहेतच.