सायलेन्सर आणि अनर्थदंड

मोटारीच्या पोटाखालून मागच्या टोकापर्यंत जाणारी धुराची नळी हा सहसा कोणाच्या ध्यानी न येणारा भाग. ती गंजून फुटली की तिची आठवण होते, किंवा घरातील तरुणाला गाडीचा आवाज अधिक घुमावा असे वाटू लागले की. दोन्ही प्रसंगी बाजारात तयार संच मिळतो आणि थोडी हत्यारे असतील तर तो अंगणातच बसवता येतो. दिसायला ही दोन्ही कामे एकसारखीच. प्रत्यक्षात मात्र त्यांत महदंतर आहे.

पेट्रोल गाडीच्या इंजिनातून निघालेला वायू प्रथम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. त्याच्या आतील जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो आणि त्याच्या संपर्काने विषारी वायू बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. पुढे असतो तो मफलर, म्हणजे आपल्या बोलीतला सायलेन्सर. त्याचे काम केवळ आवाज शमविण्याचे. गंजलेला मफलर काढून कंपनीच्या प्रतीचा नवा बसवणे ही दुरुस्ती होय. 'पॉवर वाढते' या आशेने कन्व्हर्टरच काढून तेथे सरळ नळी जोडणे हा मात्र भारत स्टेज ६ मानकांचा, पर्यायाने कायद्याचा, भंग आहे. शिवाय साध्या छोट्या गाडीत केवळ मागची नळी बदलून मिळणारी शक्ती चालकाला जाणवेल इतकीही नसते. वाढतो तो आवाज.

दुरुस्ती घरी करावयाची असेल तर ती यतनापूर्वक करावी. इंजिन पूर्ण थंड हवे. जमीन सपाट व टणक हवी. तेथे मुंग्यांची रांग नाही ना, हे पाहून, पुंजणी फिरवून मगच सतरंजी अंथरावी. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते, तेही पाहावे. पुढच्या चाकांना उटी लावून, हँडब्रेक ओढून गाडी मागून उचलावी आणि तिचा भार लोखंडी स्टँडवर द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. या एका बाबतीत घाईला क्षमा नाही. गंजलेल्या नटांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर सकाळी पाना सहज फिरतो. जुनी नळी रबरी कड्यांतून सोडवावी, जोडावर नवे गॅस्केट घालावे. सर्व नट प्रथम सैल ठेवून नळी इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांपासून दूर आहे ना, हे तपासावे आणि मग पुढून मागे असे क्रमाने आवळावे. गाडी खाली घेतल्यावर ती उघड्यावरच सुरू करावी, बंद गॅरेजात कदापि नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. जोडातून फटफट आवाज आला तर गाडी बंद करून, नळी निवल्यावर तो पुन्हा आवळावा.

आता दुसरे काम, हौसेचे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनंतर कलम १८२-अ अन्वये अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कलम १९० तर आवाज व धूर यांची मानके मोडणारे वाहन चालवणाऱ्यासच नव्हे, तर ते चालवू देणाऱ्यासही लागू होते. पहिल्याच गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा दहा हजारांपर्यंत दंड, आणि परवाना तीन महिने अपात्र. व्यापारी कुटुंबांत घसाऱ्याच्या सोयीसाठी गाडी अनेकदा पेढीच्या नावावर असते. मुलाने रविवारी अंगणात केलेला उद्योग अशा वेळी कोणाच्या नावे जमा होईल, हे वडिलांना सांगावयास नको. विम्याची बाजूही तशीच: कंपनीला न कळवता केलेला फेरबदल अपघातानंतरच्या तपासणीत उघड झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे व्रत आहे. उदरनिर्वाहासाठी गृहस्थाच्या हातून काही हिंसा घडतेच. पण जिच्यामागे प्रयोजनच नाही ती अनर्थदंड, आणि तिच्या पाच प्रकारांत प्रमादचर्याही येते. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही ध्वनीची मर्यादा आहे. डेसिबल दहाने वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. रात्री अकराला गल्लीतून घुमत गेलेली गाडी पाळण्यातल्या बाळाला, सामायिक आटोपून नुकत्याच निजलेल्या आजींना, वळचणीच्या पाखरांना दचकवून जाते, आणि त्याबदल्यात कोणाच्याही पदरी काही पडत नाही. मुलाला दंडाची रक्कम ऐकवण्याआधी वडिलांनी हा हिशेब त्याच्यापुढे मांडून पाहावा. अशी मुले बहुधा हिशेबात पक्की असतात.

ज्या घरी नवा संच आधीच बसला आहे, तेथे मूळ सायलेन्सर माळ्यावर असेल तर तो पुन्हा चढवण्यास एक सकाळ पुरते. कन्व्हर्टर काढलेला असेल तर तो भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने देऊ नये. तो शाबूत असेल तर जाणत्या मेकॅनिककडून पुन्हा त्याच जागी बसवून घ्यावा.